नैवेद्याची वाटी मुसफ्फाला गेली

अल मनखूल, बर दुबई
रमजानचा शेवटचा आठवडा, पाडवा दाराशी

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या जगन्नाथाचे शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सुखात आहोत, तुमचा गुडघाही तिकडे सुखात असेल अशी आशा करतो. (पाठवलेलं तेल गुडघ्याला लावता की कपाटात ठेवून नुसतं बघता, ते वहिनींना वेगळं विचारणार आहे.) आईला माझा नमस्कार मोठ्याने सांगा, म्हणजे 'ओरडतोस कशाला, मी काय बहिरी आहे' असं ती म्हणेल, आणि तब्येत ठीक असल्याचं कळेल. वहिनींच्या सांडग्या मिरच्या पोचल्या. विमानतळावरच्या माणसाने पिशवी उघडून हुंगली, डोळे पुसले आणि काही न विचारता परत दिली. तुमचा चि. कुणाल माझ्याकडे आनंदात आहे. अबुधाबीकडच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमधली त्याची इंटर्नशिप व्यवस्थित चालली आहे. जरा बारीक झाला आहे, डबा नेत नाही, तिकडेच कँटीनमध्ये खातो म्हणतो. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहितोच.

हातात फोन असताना हा जगू पत्र कशाला लिहितो असं तुम्हाला वाटेल. दादा, फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला 'जगू, मुद्द्यावर ये' म्हणता. जन्मभर पाटबंधारे खात्यात वाहतं ते अडवायचीच सवय लागली, त्याला तुम्ही तरी काय करणार. (हा विनोद आमच्या ऋताचा आहे, माझा नाही.) पत्राला मध्येच अडवता येत नाही, म्हणून आज कागद घेऊन बसलो आहे.

तर मुद्दा. ऋताला नोकरी लागली! पुन्हा लिहितो, कारण लिहायला फार बरं वाटतं: आपल्या ऋताला नोकरी लागली. जुमेरा लेक टॉवर्समध्ये, उंच मजल्यावर, तळ्याकडे तोंड करून खुर्ची आहे. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा माझा जीव साक्षात पातेल्यात पडला, आणि ते पातेलं कुठलं हे सांगायलाच हा पत्रप्रपंच आहे. पोरीने विद्यापीठात धर्म हा विषय घेतला तेव्हा कऱ्हाडला जेवताना तुम्ही काय म्हणाला होता आठवतं? 'सगळे धर्म शिकणार, म्हणजे एकाही देवाची धड पूजा येणार नाही. पुढे काय?' मग हसून म्हणालात, 'कीर्तन करेल, मागे जगू टाळ वाजवेल.' सगळे हसले, मीही हसलो. पण ते 'पुढे काय' माझ्याबरोबर विमानात बसून दुबईला आलं आणि रोज सकाळी चहाला माझ्यासमोर बसायला लागलं. पोरगी स्कॉटलंडहून एम.ए. होऊन परत आली तरी ते उठेना.

कारण परत आल्यावर नोकरी मिळेना, आणि फुकटची कामं मात्र दारात येऊ लागली. आमच्या वरच्या मजल्यावर खटावकर म्हणून आहेत. त्यांनी नवी मोठी गाडी घेतली आणि पूजेसाठी ऋताला खाली बोलावलं. बिल्डिंगमध्ये धर्मात एम.ए. झालेली मुलगी असताना भटजी कशाला शोधायचा, हा त्यांचा हिशेब. ऋता गेली. हातात लिंबू घेऊन तिने पार्किंगमध्ये सगळ्यांना समजावलं की चाकाखाली लिंबू का ठेवतात, कुठल्या प्रांतात लिंबाऐवजी काय ठेवतात आणि कुठे काहीच ठेवत नाहीत. सगळं सांगितलं, फक्त लिंबू ठेवलं नाही. शेवटी खटावकरांनी स्वतः ठेवलं, ते चाकाखालून उडून वॉचमनच्या नडगीला लागलं आणि कुंकू फरशीवर सांडलं. बिल्डिंगवाल्यांनी दोनशे दिरहम दंड केला. ('दोनशे दिरहम, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये!' हे वाक्य खटावकर तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात.) कुणी पत्रिका घेऊन यायचं, कुणी स्वप्नात दिसलेल्या सापाचा अर्थ विचारायचं. माझ्या भागीदाराची बायको बदरुन्निसाभाभी, त्यांनी विचारलं की ईदचा चंद्र दुबईचा धरायचा की माहेरच्या दाभोळचा. आणि ज्याला काहीच विचारायचं नसेल तो विचारायचा, 'मग बेटा, तू स्वतः देव मानतेस का?' त्यावर ही म्हणणार, 'अंकल, इट्स नॉट दॅट काइंड ऑफ सब्जेक्ट.' मग तिची आई लतिका आतून ओरडायची, 'मानते हो, मानते!'

शेवटी मी तिला म्हटलं, घरी बसण्यापेक्षा आपल्या केटरिंगच्या किचनचे फोन तरी घे. ती आली, पण तोंड एवढंसं करून. पोरगी माझ्यासमोर बसून 'सांबार किती लिटर' असं लिहून घ्यायची तेव्हा मी उठून उगीच भाज्या मोजायला जायचो, दादा. एवढी शिकलेली पोर मी डब्यांच्या हिशेबाला बसवली, असं वाटायचं.

किचनचं सांगायचं तर आधी नूरुद्दीनचं सांगायला हवं. हा माझा भागीदार, दाभोळचा. अल कूझमध्ये आम्ही दोघांनी किचन काढलं त्या दिवशी तो म्हणाला होता, 'जगन्नाथ, देव तुझ्या केबिनात, पातेलं सगळ्यांचं.' एवढाच आमचा करार, कागद नाही की सही नाही. त्याचा अर्थ असा की मी रोज माझ्या केबिनमध्ये देवाला वाटीभर नैवेद्य दाखवायचा, पण ती वाटी तिथेच संपवायची. आपली आई काय करते तुम्हाला माहीत आहे. नैवेद्य दाखवून झाला की तो घास परत पातेल्यात मिसळते, म्हणजे सगळं अन्नच प्रसाद होतं. घरी ते योग्यच आहे. पण आमच्या पातेल्यातलं नाना धर्मांची माणसं जेवतात आणि दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं अन्न आपल्याला चालत नाही असं मानणारी त्यात पुष्कळ. त्यांना न सांगता ते वाढायचं म्हणजे फसवणूक झाली. त्याच्या बाजूने नूरुद्दीनने आमच्या किचनमध्ये गोमांस कधी येऊ दिलं नाही, चांगल्या ऑर्डरी सोडल्या. आजवर दोघांनी शब्द पाळला. आता ऐका, तो मोडायची वेळ कशी आली.

मुसफ्फातली लोखंडी जिने बनवणारी कंपनी, म्हणजे जिथे आपला कुणाल आहे तीच, तिने सगळ्या कामगारांना इफ्तार द्यायचं ठरवलं. कुठल्या धर्माचा, कुठल्या देशाचा न बघता सगळ्यांना एकत्र. ऑर्डर आम्हाला मिळाली. त्यांच्या एच.आर.च्या यम्ना मॅडम इथल्याच, मृदू बोलणाऱ्या आणि काहीही न विसरणाऱ्या. (दुसरा गुण पहिल्यापेक्षा भीतीदायक आहे.) दिवस ठरला शुक्रवार. लतिकाने दिनदर्शिका बघितली आणि कपाळाला हात लावला, त्या दिवशी एकादशी! त्यात केरळच्या ख्रिस्ती मंडळींचे ईस्टरआधीचे उपवास चालू. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास, आणि महिनाही फाल्गुनच. मी म्हटलं, घाबरायचं काय, आपला जन्म पंगती वाढण्यात गेला. मुसलमानांना नूरुद्दीनची बिर्याणी, हिंदूंना साबुदाण्याची खिचडी. यम्ना मॅडमकडून देशवार आकडे घेतले आणि दिरहमला चोवीसने गुणून रुपये काढतो तसे भारत आणि नेपाळ यांना गुणून मी हिंदू काढले.

ऋता म्हणाली, 'बाबा, यू कान्ट काउंट देम लाइक दॅट. जाऊन विचारा ना त्यांना.' मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी हा धंदा करतो. मग ती स्वतःच गेली. सुट्टीच्या दिवशी कुणालला घेऊन कामगारांच्या वस्तीवर गेली, खाटांवर बसून चहा पीत एकेकाला विचारून आली, आणि गुरुवारी मला सांगायला लागली. एक तेलुगू वेल्डर आहे, हिंदू, पण खोलीतले सगळे रोजे धरतात म्हणून हाही धरतो. बिहारचा एकजण शुक्रवारी संतोषीमातेसाठी आंबट खात नाही, एकादशी त्याच्या गावीही नाही. नेपाळी मुलांना बिर्याणीच हवी आहे. केरळच्या मंडळींना मांस, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही. एकादशी करणारे मोजून घ्यावेत इतके थोडे निघाले. आणि मी इकडे अर्ध्या मुसफ्फाला पुरेल एवढा साबुदाणा भिजवून बसलो होतो! भिजलेला साबुदाणा परत कोरडा करता येत नाही, दादा, तुमच्या खात्यालाही ते जमायचं नाही. तिच्या आग्रहाखातर मी एवढंच केलं की तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल घेतलं आणि लिंबू पिळलं नाही. (कोथिंबीर आधीच नव्हती. उपवासाला कोथिंबीर चालते असं वहिनींचं माहेर म्हणतं, आई चालत नाही म्हणते. मी दुबईतही आईच्या बाजूने आहे असं तिला सांगा.)

शुक्रवारी दुपारी खिचडी मी स्वतः परतली. केबिनमध्ये देवापुढे वाटी ठेवली, वर तुळशीचं पान, पाणी फिरवलं, डोळे मिटले, तेवढ्यात फोन. बिर्याणीच्या हंड्या गाडीत मावत नाहीत म्हणून नूरुद्दीन मागच्या दारातून फोनवर ओरडत होता. (मागचं दार माझ्या केबिनपासून दोन हातांवर आहे, पण तो फोनच करतो.) वाटी हातात, फोन खांद्यावर आणि तोंडाने 'हो, हो, हो' अशा थाटात मी बाहेर आलो. पुढचं नीट आठवत नाही, गडबडच तशी होती. एवढं आठवतं की गाडीपाशी मदतीला आलेला कुणाल म्हणाला, 'काका, मीठ कमी वाटतंय,' आणि मी झाकणं उघडून मीठ घालून ढवळलं. मग खिचडी, खजूर आणि फळं घेऊन मी, ऋता आणि कुणाल पुढच्या गाडीतून निघालो. बिर्याणी घेऊन नूरुद्दीन मागून निघाला.

आम्ही पोचलो. नूरुद्दीन पोचला नाही. हायवेवर पुढे कुठेतरी अपघात झाला आणि सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. इकडे वर्कशॉपच्या अंगणात चटया टाकलेल्या, माणसं रांगेने बसलेली, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. अजान झाली. रोजेदारांनी खजुराने रोजा सोडला, पाणी, ताक घेतलं, नमाजाला उठले. नमाजावरून परतल्यावर जेवण वाढायचं असतं, आणि माझ्याकडे एकादशीशिवाय काही नव्हतं. यम्ना मॅडमनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. नूरुद्दीनला फोन लावला तर म्हणतो, 'जगन्नाथ, पुढं नुसते लाल दिवे आहेत रे. तुझी खिचडी वाढ. यल्ला, वाढ!' भागीदारानेच सांगितल्यावर मी पातेल्याच्या झाकणाला हात घातला.

आणि ऋताने माझं मनगट धरलं. हळू आवाजात म्हणाली, 'बाबा, नैवेद्याची वाटी कुठेय?'

दादा, मी झाकणावरचा हात काढला आणि आठवायला लागलो. पातेल्यावर हात गेल्याचं आठवत होतं, पण हातात काय होतं ते आठवेना. मीठ तर होतंच, पण त्याआधी? आईला आयुष्यभर बघितलेला हा हात, त्याने सवयीने वाटी पातेल्यात उलटी केली असेल तर? मी म्हटलं, अगं, माणसं उपाशी बसली आहेत, कुणाला कळणार आहे? ती म्हणाली, 'तुम्हाला कळेल. मला कळेल. नूरुकाकांना कळेल.' फोन चालूच होता. पलीकडून इतका वेळ हॉर्न ऐकू येत होते, आता नूरुद्दीनचा श्वास ऐकू आला. ऋता म्हणाली, 'मिसळली असेल तर त्यांना तसं सांगू. दे विल वेट फॉर द बिर्याणी. पण न सांगता नाही वाढायचं.' मी देवाला म्हटलं, माझी ऑर्डर जाऊ दे, पण माझा शब्द गेला असं होऊ देऊ नकोस.

तेवढ्यात बर्फाची पेटी घेऊन कुणाल आला. काय झालं ते कळल्यावर जरा थांबला आणि म्हणाला, 'काका, वाटी गाडीत आहे. रिकामी. तुम्हीच खाल्लीत ना, फोनवर बोलता बोलता.' धावत जाऊन घेऊन आला. वाटी चाटूनपुसून स्वच्छ, तळाशी तुळशीचं पान चिकटलेलं. मला खाल्ल्याचं आठवत नव्हतं, पण लतिका माझ्याकडे बघून 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणते ते काय उगीच? माझ्या खादाडपणाने माझा शब्द राखला होता. असा सुटलो म्हणून सांगू!

मी लगेच झाकण उघडायला गेलो, तर ऋता म्हणाली, तरीही सांगायचं. कामगारांमध्ये वली म्हणून पेशावरकडचे वयस्क फोरमन आहेत, सगळे त्यांचं ऐकतात. ती त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि हिंदीत म्हणाली, 'चाचा, बिर्याणी रास्ते में है. ये हमारे व्रत का खाना है. एक कटोरी भगवान के सामने रखी थी, वो अलग थी. वो पापा खा गए.' वलीचाचांनी मान वळवली, माझं पोट सावकाश डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, 'यकीन आता है.'

त्यानंतर जे हशे पिकले ते सांगत नाही. वलीचाचांनी आधी हातावर थोडी घेतली, 'ये मोती किस चीज के हैं' असं विचारलं, आणि मग ताट पुढे केलं. काहींनी नको म्हटलं, फळं खात थांबले, त्यांना कुणी काही म्हटलं नाही. केरळच्या मंडळींनी तूप नाही, दूध नाही याची दोनदा खात्री करून घेतली आणि तीनदा वाढून घेतलं. संतोषीमातावाल्याने लिंबू नाही म्हटल्यावर हात जोडले. ज्या खिचडीला खाणारं कुणी नव्हतं तिचा तळ दिसला. नाही म्हणणारा एकच लक्षात राहिला. त्या सगळ्या गर्दीत मराठी असा एकच मुलगा होता, जतचा. मी मोठ्या प्रेमाने पळी पुढे केली तर म्हणाला, 'नको साहेब, गावी दर गुरुवारी हेच असायचं. मी बिर्याणीला थांबतो.'

बिर्याणी आली, तीही संपली. नूरुद्दीनने गाडीतच खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला होता. त्याच्यासाठी काढून ठेवलेली गार खिचडी घेऊन तो माझ्या शेजारी बसला आणि खाऊ लागला. मग म्हणाला, 'तू नाही मिसळली म्हणाला असतास तर मी मानलं असतं. म्हणूनच भ्यालो होतो.' ऋता खरकटी ताटं उचलत होती, तिच्याकडे तो बघत होता आणि मीही बघत होतो.

यम्ना मॅडम तेव्हा ऋताशी बोलत उभ्या होत्या. काय शिकलीस विचारलं, हिने सांगितलं. माझे कान 'पुढे काय' ऐकायला टवकारलेले. पण बाई म्हणाल्या, त्यांचा भाऊ शरियत शिकला, त्याला घरात कुणी कधी 'पुढे काय' विचारलं नाही, तुला विचारतात का? ऋता म्हणाली, 'एव्हरी डे.' मॅडम हसल्या. काही दिवसांनी त्यांच्या मुख्य कचेरीतून बोलावणं आलं. हुद्द्याचं नाव एवढं लांब आहे की मी आणि लतिका ते निम्मं निम्मं पाठ करतो. काम असं की इतक्या देशांची माणसं एकत्र राबतात, तर त्यांचे सण, उपवास, सुतकं, प्रार्थनेच्या वेळा हे सगळं समजून, म्हणजे विचारून, पाळ्या आणि जेवणं ठरवायची. लतिकाने पगाराचा आकडा ऐकला, मोठ्याने रुपयांत केला आणि देवापुढे साखर ठेवली. (ती वाटी खरोखर मी खाल्ली, साक्षीदार आहेत.)

तर दादा, तुमच्या 'पुढे काय'चं उत्तर हे असं आहे. तुम्हाला वाटेल नोकरी हे उत्तर. मलाही आधी तसंच वाटलं. पण खरं सांगू? ऑर्डर गेली असती, नोकरी मिळाली नसती, तरी मनगट धरलं त्या क्षणी मला माझ्या पोरीचा अभिमान वाटला. विद्यापीठात धर्म शिकून माणूस कुठे पोचतो ते मला अजून नीट कळलेलं नाही. झाकण उघडायच्या आत बापाचा हात धरणारं माणूस तयार होतं, एवढं मात्र कळलं.

यंदा पाडवा आणि ईद पाठोपाठ येत आहेत, म्हणजे श्रीखंडाच्या बदल्यात शीरखुर्मा ठरलेला. गुडघ्याला जपा, आईला जपा आणि हे पत्र रागावून वाचलं असेल तर जेवण झाल्यावर पुन्हा एकदा शांतपणे वाचा.

तुमचाच आज्ञाधारक (कधीकधी),
जगू

ता. क. कुणालविषयी सविस्तर लिहितो म्हणालो होतो, ते राहिलंच. तो मजेत आहे.

ता. क. २. लतिका खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, 'भावजींना हे एवढंच कळवणार?' तेव्हा लिहितो. परवा अंघोळ करताना मला एकदम सुचलं की मीठ कमी आहे हे फक्त त्यालाच कळतं ज्याने खिचडी चाखली आहे. मी चाखली नव्हती. सांगितलं कुणालने. मी त्याला विचारायला बाहेर आलो तर तोच दारात उभा, बरोबर नूरुद्दीन. वाटी कुणालने खाल्ली होती, दादा. मी फोनच्या नादात ती गाडीत ठेवली, आणि पोराला भूक आवरली नाही. एवढ्याला खोटं कशाला बोलला? तर हा रमजानच्या पहिल्या दिवसापासून वर्कशॉपमधल्या मित्रांबरोबर रोजे धरत होता, घरी कुणाला पत्ता नाही. (डब्याचं आणि बारीक होण्याचं कोडं सुटलं.) त्या दुपारी खिचडीच्या वासाने त्याचा रोजा मोडला आणि समोर वलीचाचा असताना तोंडातून माझं नाव निघालं. मग त्याला चैन पडेना. आधी जाऊन वलीचाचांना सांगितलं. ते म्हणाले, 'भूख लगी, खा लिया, उसका हिसाब ऊपर. चाचा का नाम लिया, उसका हिसाब नीचे, आज ही कर.' म्हणून तो स्वतःहून नूरुद्दीनकडे गेला आणि मग त्याला घेऊन माझ्याकडे आला. नूरुद्दीन इतका हसला की त्याला पाणी द्यायचीही सोय नव्हती, रोजा होता.

ता. क. ३. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. कुणाल या मे महिन्यात इंजिनिअरिंग पुरं करणार, पास होणार, त्याची काळजी नको. पण पुढे त्याला ऋताच्याच विद्यापीठात धर्म शिकायचा आहे. अर्ज केला आहे, प्रवेश मिळाला आहे, महिनाअखेर होकार कळवायचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर जाणार नाही म्हणतो, आणि तो शब्दाचा पक्का निघाला हे तुम्ही वर वाचलंच आहे. तुम्हाला सांगायची हिंमत त्याला होईना, म्हणून मी सांगायचं कबूल केलं. माझीही होईना, म्हणून एवढी पानं लागली. ऋताच्या वेळी तुम्ही हसलात, मीही हसलो, पण ते मला फार जड गेलं होतं दादा. तेवढं ओझं या पोराला देऊ नका.

ता. क. ४. नैवेद्य पातेल्यात परत मिसळला नाही हे आईला कळू देऊ नका. मिसळला म्हणून सांगा. (ऋता म्हणते, असं सांगायचं नाही. मग तुम्हीच काय ते सांभाळा.)

ता. क. ५. पत्र पोचायच्या सुमाराला कुणाल तुम्हाला फोन करेल. उचला. तो काही बोलणार नाही, नुसता 'बाबा' म्हणून थांबेल. तुम्ही 'पुढे काय' विचारू नका. 'जेवलास का' एवढंच विचारा.